आहे का : नाही

ओउलूत डिसेंबरचा दिवस दुपारी तीनलाच मिटतो.
कैसू रायहा दिवा लावत नाही,
पडद्याचा उजेड पुरतो तिला.
खिडकीखाली कुणीतरी गोठलेल्या नदीवरून
सायकल ढकलत निघालंय, पूल टाळून, सरळ.

तिची सेवा फोल्डरांवर पाळत ठेवते.
डोळ्यांत तेल घालून, असं माणसांबद्दल म्हणतात;
हिला ना डोळे, ना तेल. यादी तेवढी आहे.
काही हललं की सांगते:
नाव. आकार. मालक. दुवे किती.
मजकूर कधी लिहिला.
आणि, ही वेगळी वेळ, हात कधी लागला.
आणि मागणाऱ्याने मागितलं असेल तर
आहे का.

या रकान्यात 'नाही' येऊ शकतं
हे नव्या मुलांच्या पचनी पडत नाही.
नाही, तर ओळ कशाला?
पण ओळ येते. नाव पूर्ण येतं,
अक्षरावरच्या दोन टिंबांसकट,
आणि पुढे: नाही.

हे तूरेने लिहिलं होतं.
गेलेलं सांगायचं नसेल तर पाळत कसली, म्हणायचा.

नोव्हेंबरात, काठाचं बर्फ नखाएवढं असताना,
तो हायलुओतोकडे जाळी काढायला निघाला.
नाव सापडली.
नाव तेवढी सापडली.

ऑफिसने त्याचं खातं बंद केलं
तेव्हापासून मालकाच्या रकान्यात
'तूरे' जाऊन १०१३ उरला,
पाटी काढलेल्या घराच्या नंबरासारखा.
आज फोल्डर पुसायचा निरोप आला. तिलाच.
तिने पुसला.
दोन हजार तीनशे सोळा ओळी
पडद्यावरून वर सरकत गेल्या,
नाही नाही नाही नाही,
आणि कॉफी गार झाली.

मग, सेवा नीट चालते ना बघायला,
तिने स्वतःच्याच फोल्डरला विचारलं:
गेल्या तासात काय बदललं?

उत्तर एकच.
नाव: काह्वी.
आहे का: आहे.
मालक: १०१३.
आकार: एक्केचाळीस बाइट.
मजकूर लिहिला: एकोणीस सप्टेंबर.
हात लागला: चार मिनिटांपूर्वी.
दुवे: एक.

ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
फाइलीचं मूळ मात्र साधा आकडा असतो,
आणि एकाच मुळाला दोन नावं लावता येतात, दोन घरांत.
एक त्याच्या घरात होतं.
दुसरं त्याने कधीतरी गुपचूप हिच्या घरात लावलं
आणि सांगितलं नाही.
आज पुसताना दोनाचा एक झाला.
अक्षर एकही हललं नाही. तरी हात लागला,
आणि तो हात कुणाचा हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

तिने उघडलं. हिशोब होता,
कुणी कुणाला कॉफी किती वेळा करून दिली.
कैसू अकरा. तूरे नऊ. खाली: 'देणं आहे'.

तिने काही लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर सप्टेंबर गेला असता.

सोमवारी पिहला आली, नवी, ओल्या बुटांची.
यंत्राने तिला रिकामा आकडा दिला: १०१३.
त्याच क्षणी, कुणी न सांगता,
मालकाच्या रकान्यात 'पिहला' उमटलं.
बुधवारी ती कैसूच्या टेबलापाशी येऊन म्हणाली,
तुमच्या फोल्डरात माझी एक फाइल दिसतेय.
मी तर ती केली नाही.
तारीख सप्टेंबरची आहे,
सप्टेंबरात मी इथे नव्हते.

कैसूने खुर्ची वळवली.
बाहेर कुणीतरी पुन्हा सायकल नेत होतं.
तुझीच आहे, ती म्हणाली,
दोन कप लागतात तुझ्याकडे. दूध नको.